मागणं आणि उभं राहणं : इक्बाल यांच्या प्रार्थनाविचाराची एक तपासणी

पत्रिकेवर आजचा विषय ‘इस्लामी तत्त्वज्ञानातील प्रार्थनेचा अर्थ’ असा छापला आहे. एवढा विषय तासाभरात संपवतो असं कोणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून मी तो एका व्याख्यानापुरता आवळून घेतो. डॉ. मुहम्मद इक्बाल यांनी मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ इथे इस्लामी धर्मविचाराच्या पुनर्रचनेवर जी व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक १९३० मध्ये लाहोरला निघालं. त्यातलं तिसरं व्याख्यान ईश्वराची कल्पना आणि प्रार्थनेचा अर्थ या विषयावर आहे. विसाव्या शतकात या विषयावर आपल्या उपखंडात जे लिहिलं गेलं, त्यात सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं हेच. मी त्याची तपासणी करणार आहे, आणि ती वऱ्हाडात उभं राहून करणार आहे. ‘वऱ्हाडात’ का म्हणतो, ते पुढे कळेल.

आधी शब्द नीट करून घेऊ. मराठीत आपण सरसकट ‘प्रार्थना’ म्हणतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. इस्लाममध्ये निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नमाज, अरबीत सलात. तिच्या वेळा ठरलेल्या, दिशा ठरलेली, रकाती ठरलेल्या, भाषा अरबी. ‘नमाज’ हा शब्द फारसी आहे आणि भाषेच्या अभ्यासकांच्या मते तो संस्कृतातल्या ‘नमस्’च्याच कुळातला आहे. म्हणजे आपला नमस्कार आणि त्यांची नमाज या शब्दांच्या हिशेबाने चुलत बहिणी झाल्या. दुसरी गोष्ट दुआ, म्हणजे मागणं. ती कधीही, कुठेही, बसून, पडून, कोणत्याही भाषेत करता येते. तिसरी जिक्र, म्हणजे नामस्मरण. वारकरी माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या तिघींचा एकमेकींशी संबंध काय, हा इस्लामी विचारवंतांचा हजार वर्षांचा प्रश्न आहे. आणि इक्बाल यांच्या मांडणीत कुठे काय सुटलं, हे याच तीन शब्दांच्या मापाने मोजता येतं.

इक्बाल म्हणतात काय? पहिली गोष्ट, प्रार्थना ही ज्ञानाची एक वाट आहे. विचार हा वास्तवाकडे दुरून पाहतो, त्याच्या हालचाली टिपतो. प्रार्थनेत माणूस त्या वास्तवाच्या जवळ जातो, त्यात सहभागी होतो. म्हणून निसर्गाचा शास्त्रीय अभ्यास करणारा माणूसही त्यांच्या दृष्टीने एका अर्थी प्रार्थनाच करत असतो. दुसरी गोष्ट, प्रार्थना खऱ्या अर्थाने सामुदायिक असते. अनेक माणसं एका हेतूने एकत्र आली की साध्या माणसाचीही जाणीव तीव्र होते. तिसरी गोष्ट, सगळ्यांनी एका रांगेत, एका दिशेला तोंड करून उभं राहण्यातून समता येते. आणि पुढच्या, चौथ्या व्याख्यानात ते आणखी एक सुंदर मुद्दा जोडतात. झोप आणि कामधंदा माणसाला यंत्र बनवतात, आणि दिवसातल्या नमाजेच्या वेळा त्याला त्या यंत्रातून बाहेर काढतात.

हे सगळं वजनदार आहे आणि त्याला परंपरेचा आधारही आहे. इब्न सीना, ज्यांचं १०३७ मध्ये निधन झालं, त्यांनी नमाजेच्या स्वरूपावर एक छोटा प्रबंध लिहिला. त्यात त्यांनी नमाजेचे दोन भाग केले. एक बाहेरचा, शरीराचा, जो सगळ्यांसाठी शिस्त म्हणून आहे. दुसरा आतला, जिथे बुद्धी ईश्वराकडे वळते. आत्मचरित्रात तेच इब्न सीना सांगतात की तर्काचं एखादं कोडं सुटेना की ते मशिदीत जात, नमाज पढत आणि वाट खुली व्हावी म्हणून प्रार्थना करत. अभ्यास आणि नमाज एकाच माणसाच्या एकाच दिवसात. इक्बाल यांचा शास्त्रज्ञ इथूनच आलेला दिसतो.

पण आता दुसरी बाजू बघा. १११५ च्या आसपासचे नव्हे, बरोबर ११११ मध्ये वारलेले इमाम गझाली ‘इह्या’मध्ये नमाजेच्या रहस्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहितात. नमाजेत जीव कशाने येतो, याच्या ते सहा गोष्टी सांगतात : मनाची हजेरी, अर्थाची समज, आदर, धाक, आशा आणि शेवटी शरम. क्रम लक्षात घ्या. ज्ञान दुसऱ्या पायरीवरच येऊन गेलं. त्यानंतर चार पायऱ्या आहेत आणि त्या चारही नात्याच्या आहेत. आपण कोणासमोर उभे आहोत, त्याच्याकडून काय मिळेल, आणि त्याच्यासमोर उभं राहायची आपली लायकी काय, हे ते नातं. गझालींची नमाज समजून घेण्यावर थांबत नाही, ती लाजेपर्यंत जाते. इक्बाल यांच्या व्याख्यानात जाणीव आहे, शक्ती आहे, ‘खुदी’ आहे. शरम मात्र फारशी सापडत नाही. हा स्वभावाचा फरक आहे म्हणून सोडून देता आला असता. पण या फरकामुळे एक मोठी गोष्ट निसटते, आणि ती म्हणजे मागणं.

माझा पहिला आक्षेप हाच. प्रार्थनेचा अर्थ सांगणाऱ्या व्याख्यानात दुआ जवळजवळ नाही. विश्वाच्या भीषण शांततेत माणसाला कोणाचा तरी प्रतिसाद हवा असतो, असं इक्बाल फार प्रभावीपणे म्हणतात. पण प्रतिसाद कशाला? पोरगं आजारी आहे, कर्ज डोक्यावर आहे, पाऊस नाही. माणूस बहुतेक वेळा हे घेऊन जातो.

आता वऱ्हाड. आपल्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खणली, बोअर मारला, तर खारं पाणी लागतं. पिकाला द्यावं तर जमीन बिघडते. म्हणजे तिथल्या कास्तकाराला आभाळाशिवाय दुसरा पाण्याचा धनी नाही. कपाशी, तूर, सोयाबीन, सगळं वरच्या पाण्यावर. मिरगात पेरणी केली आणि पावसाने तोंड फिरवलं की दुबार पेरणी, आणि दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा उसनवारी. अशा गावात कुठे लेकरं धोंडी काढतात, कुठे महादेवाच्या पिंडीवर पाण्याच्या घागरी ओततात, आणि मुसलमान मोहल्ला गावाबाहेर मैदानात जाऊन इस्तिस्काची, म्हणजे पावसासाठीची नमाज पढतो.

या इस्तिस्काकडे जरा थांबून पाहू, कारण तिच्यात सगळं धर्मशास्त्र एकवटलं आहे. माणसं साध्या, जुन्या कपड्यांत जातात. म्हातारेकोतारे, लहान पोरं, गुरंढोरं सोबत न्यावीत असं सांगितलं जातं. जाण्यापूर्वी दानधर्म करा, कोणाचं काही दाबून ठेवलं असेल तर परत करा, असंही सांगितलं जातं. मग इमाम अंगावरची चादर उलटी करून घेतो, परिस्थिती अशीच उलटावी म्हणून. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे. गंमत अशी की खुद्द इमाम अबू हनीफा यांच्या मते पावसासाठी मूळ गोष्ट दुआ आणि क्षमायाचना हीच. जमातीने नमाज पढणं हा त्यातला ठरलेला भाग नव्हे. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी मात्र दोन रकाती नमाज सांगितली. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी गुरु-शिष्यांत वाद झाला तो याच गोष्टीवर : संकटात आधी मागायचं, की आधी रांगेत उभं राहायचं?

आता तत्त्वज्ञानाचा अवघड प्रश्न. ईश्वराला सगळं आधीच ठाऊक असेल, सगळं ठरलेलंच असेल, तर मागून काय उपयोग? आणि मागितल्याने ठरलेलं बदलत असेल, तर ते ठरलेलं कसलं?

गझालींचं उत्तर कास्तकाराला लगेच कळेल असं आहे. ते म्हणतात, बाण येणार असेल तर ढाल पुढे करतोच ना? बी उगवणार हे ठरलेलं असलं तरी पाणी द्यावंच लागतं ना? तशी दुआ. संकट टळणं ठरलं असेल, तर ते दुआमुळे टळणं हेही त्यातच ठरलेलं. खलिफा उमर यांची गोष्ट याच जातीची आहे. सीरियाच्या वाटेवर प्लेगची बातमी आली आणि त्यांनी परत फिरायचं ठरवलं. सोबतचे अबू उबैदा म्हणाले, ईश्वराने ठरवलेल्यापासून पळता काय? उमर यांचं उत्तर असं होतं की ईश्वराच्या एका ठरावाकडून त्याच्याच दुसऱ्या ठरावाकडे चाललो आहोत. इब्न सीनाही, एवढे बुद्धिवादी असून, ‘इशारात’च्या शेवटी बजावतात की एखाद्या सिद्धपुरुषाने दुआ केली आणि पाऊस आला असं ऐकलंत तर घाईने खोटं म्हणू नका, निसर्गातच त्याची कारणं असू शकतात.

आणि रूमी. ‘मसनवी’च्या तिसऱ्या भागात एक माणूस रात्रभर अल्लाहचं नाव घेतो. सैतान त्याला म्हणतो, अरे, एवढा हाका मारतोस, एकदा तरी ‘ओ’ आली का? माणूस खचतो, गप्प होतो. मग स्वप्नात खिज्र येतात आणि सांगतात की तुझी हाक हीच त्याची ‘ओ’ होती. फार सुंदर गोष्ट आहे. पण एक सांगतो, ही गोष्ट ज्याने त्याने स्वतःला सांगायची आहे. दुबार पेरणी वाया गेलेल्या माणसाला बाकीच्यांनी जाऊन ही गोष्ट सांगितली, तर ते समाधान नव्हे, हात झटकणं आहे.

इक्बाल यांच्याबद्दल माझी तक्रार इथे जास्त टोकदार होते, कारण या प्रश्नाला नवं उत्तर देण्याची सामग्री त्यांच्याच हातात होती. ते याच पुस्तकात म्हणतात की भविष्य म्हणजे आधीच आखून ठेवलेली रेघ नव्हे, ती खुली शक्यता आहे. ईश्वराने माणसाला स्वतंत्र कर्तेपण दिलं आणि त्यासाठी स्वतःच्या सामर्थ्याला स्वतःच मर्यादा घालून घेतली. आता सांगा, भविष्य खुलं असेल, तर मागण्याला केवढा अर्थ येतो! दुआ ही पोकळ विनवणी राहत नाही, ती त्या खुल्या भविष्याच्या घडणीतली एक कृती होते. दार इक्बाल यांनी स्वतः उघडलं. पण त्यातून आत गेले ते ज्ञान आणि संघटना. मागणारा माणूस उंबऱ्यावरच राहिला. का राहिला? मला वाटतं, त्यांना मुसलमान समाजाच्या हतबलतेचा, नशिबावर हवाला ठेवून बसण्याचा राग होता. मागणारा हात त्यांना लाचार दिसत असावा. राग खरा होता. पण इस्तिस्काला निघालेला माणूस निवांत नशिबावर बसलेला नसतो. त्याने पेरलेलं असतं, कर्ज काढलेलं असतं, आणि जाण्याआधी दुसऱ्याचं दाबलेलं परत करायला धर्मानेच त्याला सांगितलेलं असतं. ते मागणं लाचारी नव्हे. कष्ट करून झाल्यावर जे आपल्या हातात नाही, त्याची ती कबुली आहे.

दुसरा आक्षेप रांगेबद्दल. इक्बाल म्हणतात की दक्षिण भारतातल्या मानी ब्राह्मणाला रोज अस्पृश्याच्या खांद्याला खांदा लावून उभं केलं, तर बघता बघता केवढी आध्यात्मिक क्रांती होईल. १९२९ च्या सुरुवातीला ते दक्षिणेत व्याख्यानं देत होते. त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी आपल्या अमरावतीत काय चाललं होतं? अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाची तयारी. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीत परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पंजाबराव देशमुखांसारखी माणसं या लढ्याच्या बाजूने उभी होती. म्हणजे एका रांगेत उभं राहण्याची कल्पना इक्बाल व्यासपीठावरून मांडत होते, आणि ती प्रत्यक्षात आणायला किती झगडावं लागतं हे आपलं शहर अनुभवत होतं.

इक्बाल यांचं निदान बरोबर होतं : शरीरं जवळ आल्याशिवाय समता येत नाही. पण ‘बघता बघता’ हे बरोबर नव्हतं. आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाकडे हक्काचा प्रश्न म्हणून पाहिलं. नुसतं देवापुढे उभं राहून माणसाची परिस्थिती पालटेल असं त्यांनी कधी मानलं नाही. आणि खुद्द मुसलमान समाजाचा अनुभव काय? नमाजेच्या रांगेत जात नाही, हे खरं आणि मोठं आहे. पण रांग मोडली की लग्नाच्या बोलणीत बिरादरी विचारली जाते. तसं नसतं, तर शब्बीर अन्सारी यांना जालन्यातून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी करावी लागली नसती. रांग समतेचा सराव देते. सरावाचं रूपांतर व्यवहारात करायला वेगळे कष्ट लागतात, आणि ते कष्ट रांगेत दिसत नाहीत.

शिवाय रांगेत कोण नाही, हेही पाहावं लागतं. समतेच्या या वर्णनात इक्बाल बायकांचा उल्लेख करत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत बाया दिसत नाहीत. २०१९ मध्ये पुण्यातल्या एका दांपत्याने मशिदीतल्या प्रवेशासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयात सांगितलं की स्त्रियांना मशिदीत नमाज पढायला धर्माची मनाई नाही. मनाई नाही, मग जागा का नाही? हा प्रश्न इक्बाल यांच्या रांगेला विचारलाच पाहिजे, आणि त्यांच्याच समतेच्या भाषेत विचारला पाहिजे.

इथे तुकडोजी महाराजांची आठवण येणं साहजिक आहे. मोझरीच्या गुरुकुंजातून त्यांनी सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. ठरलेली वेळ, ओळीने बसणं, शिस्त, सगळ्या जातींनी एकत्र. इक्बाल यांच्या सिद्धांताशी याचं विलक्षण साम्य आहे. मात्र तुकडोजींनी प्रार्थनेला लागूनच ग्रामसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ती ठेवली. ओळीत बसून उठल्यावर काय करायचं, हे त्यांनी गावाच्या हातात दिलं. इक्बाल यांच्या व्याख्यानात जी पुढची पायरी नाही, ती वऱ्हाडात एका भजन म्हणणाऱ्या माणसाने बांधली.

तिसरा मुद्दा थोडक्यात. सगळी खरी प्रार्थना सामाजिक असते, असं इक्बाल यांचं म्हणणं. अकोला जिल्ह्यातलं बाळापूर तुम्हाला किल्ल्यासाठी ठाऊक आहे. तिथेच नक्शबंदी सूफींची जुनी खानकाह आहे. शाह इनायतुल्लाह यांच्या या घराण्यातून अठराव्या शतकात सय्यद कमरुद्दीन औरंगाबादी यांच्यासारखा तत्त्वचिंतक निघाला, ज्यांनी अस्तित्वाच्या प्रश्नावर ‘मझहरुन्नूर’ हा ग्रंथ लिहिला. नक्शबंदींचं वैशिष्ट्य म्हणजे जिक्र-ए-खफी, मुकं स्मरण. ओठ हलत नाहीत, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. गर्दीत राहून एकांत, हे त्यांचं सूत्र. याला सामाजिक म्हणायचं कसं? जाणीव तीव्र व्हायला जमाव लागतो, हा इक्बाल यांचा सिद्धांत बाळापूरच्या त्या शांत माणसाला लागू पडत नाही. आणि जमावात जाणीव तीव्र होते तशी ती भडकवताही येते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मुक्या जिक्राला कोणी मिरवणुकीत नेऊ शकत नाही.

तर एकूण काय? इक्बाल यांनी प्रार्थनेला अंधश्रद्धेच्या आरोपातून सोडवलं, तिला ज्ञानाच्या आणि समतेच्या पंक्तीला बसवलं. हे ऋण मोठं आहे. पण त्यासाठी त्यांनी नमाज घेतली, दुआ मागे ठेवली आणि जिक्र समाजाच्या मापात बसवला. परंपरेत या तिघी एकत्र आहेत, त्या उगीच नाहीत. उभं राहणं शिस्त देतं. आठवण आतला आधार देते. आणि मागणं माणसाला खरं बोलायला लावतं, कारण आपल्याला नेमकं काय हवं आहे हे मागतानाच उघडं पडतं. दुसऱ्याचं दाबून ठेवलेलं परत केल्याशिवाय पाऊस मागायला जाऊ नये, हा जुना दंडक मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. सावकारालाही तो लागू आहे, आणि सरकारलाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : नमाज मराठीत पढली तर चालेल का?*

दुआ मराठीत मागायला कधीच अडचण नव्हती, लोक मागतातच. नमाजेतल्या कुरआनपठणाचा प्रश्न वेगळा. अबू हनीफा यांनी सुरुवातीला फारसीत पठणाला मुभा दिली होती. त्यांच्या शिष्यांनी ती अरबी न येणाऱ्यांपुरतीच ठेवली, आणि पुढे अबू हनीफांनीही मत बदललं असं सांगतात. तुर्कस्तानात १९३२ ते १९५० अजान तुर्की भाषेत होती. लोकांनी मागणी केली नव्हती, सरकारने लादली होती. बंदी उठताच अरबी अजान परत आली. माझं मत विचाराल, तर नमाजेची भाषा एकच असण्यात जगभरच्या रांगेचा धागा आहे. पण अर्थ कळलाच पाहिजे. गझालींची दुसरी पायरी समजेचीच आहे. तेव्हा मराठीत अर्थ शिकवणारे वर्ग मोहल्ल्यामोहल्ल्यात हवेत.

*प्रश्न : सर, तुम्ही म्हणता मागणं महत्त्वाचं. पण पाऊस आलाच नाही, तर दुआ फुकट गेली असं म्हणायचं का?*

हदीसमध्ये याचं उत्तर आहे : मागितलेलं मिळतं, किंवा तेवढंच दुसरं संकट टळतं, किंवा ते परलोकासाठी जमा राहतं. श्रद्धावंताला हे पुरतं. ज्याला पुरत नाही, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मी एवढंच विचारीन, भाऊ, त्या मैदानात तुमच्यासोबत कोण कोण आलं होतं? तुम्ही तिथे काय काय कबूल केलं? पाऊस आला नाही तरी तो कबुलीजबाब शिल्लक आहे. दुष्काळात एकमेकांचं बियाणं, चारा आणि कर्ज कसं वाटून घ्यायचं, याची बैठक त्याच मैदानात, त्याच दिवशी बसू शकते. बसायला हवी. दुआ फुकट गेली की नाही, हे थोडं आपल्याही हातात असतं.

वेळ संपली आहे. थांबतो.